मांजर धरणारा हात

मोबाइल वाजला तेव्हा वैजयंतीच्या डाव्या हातात एका लॅब्राडॉरचं शेपूट होतं आणि उजव्या हाताचं बोट, मोजा घातलेलं, नको त्या जागी होतं. असल्या वेळी शहाणा डॉक्टर मोबाइल बघत नाही. तिनेही बघितला नाही. कुत्र्याच्या शेपटीखालच्या ग्रंथी पिळून झाल्या, घाण पुसून झाली, मालकीणबाईंना 'बिस्किटं कमी द्या हो' हे नेहमीचं सांगून झालं, हात दोनदा साबणाने धुऊन झाले, आणि मग कोपरखैरण्याच्या त्या दहा बाय अठराच्या दवाखान्यात पंख्याखाली उभं राहून तिने प्राण्यांच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर आलेलं ते रंगीत पत्रक उघडलं. वर बर्फाचे डोंगर, खाली निळं पाणी, मधे पांढरंशुभ्र जहाज. नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे आठ दिवस. सकाळी जहाजावरच्या सभागृहात व्याख्यानं, दुपारी डेकवर उभं राहून निसर्ग बघायचा, आणि उतरताना हातात सतत शिक्षणाचं सर्टिफिकेट, पॉइंटांसकट. ग्रुपवर थट्टा सुरूही झाली होती. पनवेलच्या कुणीतरी विचारलं होतं, अभ्यास नक्की कशाचा, देवमाशाचा का? ती हसली. हसत हसत पत्रक वर सरकवत व्याख्यात्यांच्या गोल गोल फोटोंपर्यंत आली, आणि तिसऱ्या गोलातून नंदकिशोर सबनीस तिच्याकडे बघत होता. केस पिकले होते मेल्याचे, पण ते दात तेच. नावाखाली विषय: उंच इमारतींवरून पडलेली मांजरं, मुंबईच्या खाडीपलीकडच्या एका शहरातले अनुभव. आणि विषयाच्या मागे, शोभेला म्हणून, पुसट छापलेला एक एक्स-रे. मांजराच्या मागच्या पायाचं मोडलेलं हाड, आणि त्या मांजराला धरणाऱ्या हाताची बोटं. मधलं बोट एका पेराने आखूड. पिंजऱ्यातलं पुढचं पेशंट ओरडत होतं, त्याचा मालक काहीतरी विचारत होता, आणि वैजयंतीला स्वतःच्या रक्ताशिवाय दुसरा आवाज ऐकू येत नव्हता.

सोळा वर्षं. माणूस सोळा वर्षांत विसरतो म्हणतात, म्हणणाऱ्यांचं काय जातं. वाशीला दोघांचा मिळून दवाखाना होता. पाटीवर आधी त्याचं नाव, खाली तिचं, कारण पाटी रंगवणाऱ्याने तसं रंगवलं आणि तेव्हा ती म्हणाली होती, राहू दे, काय फरक पडतो. लोक समजायचे तसलं दोघांत काही नव्हतं. असतं तर एवढं लागलं नसतं. नवरा-बायको एकमेकांना फसवतात, त्यावर रडायची, भांडायची, कोर्टात जायची एक रीत तरी आहे. ज्याच्याबरोबर अकरा वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून हात रक्तात घातले, त्याने फसवलं तर कुठे जायचं? त्या वर्षांत नवी मुंबई नुसती वर वर चालली होती. चार मजल्यांच्या इमारतींशेजारी चौदा मजल्यांच्या उभ्या राहत होत्या, खिडक्यांना जाळ्या बसवायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं, आणि कबुतरांमागे मांजरं एसीच्या डब्यावर उतरायची, तिथून खाली. महिन्याला दोन-तीन तरी. पिशवीत, टॉवेलात, एकदा तर प्रेशर कुकरच्या खोक्यात घालून लोक घेऊन यायचे. वैजयंतीने त्यांची एक वही ठेवली होती, लांबोडकी, लाल कापडी बांधणीची. मांजराचं नाव, वय, कितव्या मजल्यावरून पडलं, कशावर पडलं, वाचलं का. सगळं तिच्या अक्षरात. पहिल्या वर्षी 'वाचलं का' या रकान्यात 'नाही' फार होते. मोडलेलं हाड दिसतं म्हणून सगळे घाई करायचे, तासाभरात भूल द्यायचे, आणि आत दणक्याने सुजलेलं फुप्फुस कुणाला दिसायचं नाही. मांजर टेबलावरच जायचं. मग रीत बदलली. आल्या आल्या दुखण्यावरचं इंजेक्शन द्यायचं, जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात मांजर ठेवायचं, ऑक्सिजनची नळी आत सोडायची आणि चोवीस तास त्याला बोट लावायचं नाही. आधी खोका, मग चाकू. हे वाक्य तिचं. त्यानंतर त्या रकान्यात 'हो' यायला लागले. एकशे चौदा मांजरं लिहून झाली आणि नंदकिशोर पुढच्या शिक्षणाला परदेशी निघाला. जाताना वही आणि एक्स-रेंची पिशवी घेऊन गेला. स्कॅन करून महिन्याभरात पाठवतो म्हणाला. दीड वर्षाने त्याचा लेख एका इंग्रजी मासिकात आला, त्यात नावं दोन, त्याचं आणि तिथल्या एका प्रोफेसराचं. तिने मेल लिहिली, चार दिवस खपून, एकही वाईट शब्द न वापरता. त्याचं तीन ओळींचं उत्तर आलं. 'तुझी मदत मी जन्मात विसरणार नाही.' मदत. तेव्हापासून कुणी हा शब्द उच्चारला की तिच्या पोटात आग पडायची, मग तो उच्चारणारा बिचारा भाजीवाला का असेना.

तिने त्याच संध्याकाळी नाव नोंदवलं. पुण्याहून मुलगी, अबोली, फोनवर म्हणाली, "आई, तू आणि क्रूझ? तुला एलिफंटाच्या लाँचमध्ये उलटी होते." वैजयंती म्हणाली, पॉइंट लागतात गं, रजिस्ट्रेशनला. खोटं बोलणं इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. पुढचे दोन महिने ती वेगळीच बाई झाली. सकाळी सहाला उठून आरशासमोर उभी राहायची आणि इंग्रजीत प्रश्न विचारायची. आवाज चढवायचा नाही, घाई करायची नाही. सर, तुमच्या एक्स-रेत जो हात दिसतो तो कुणाचा? तो म्हणेल, अटेंडंटचा. कुठल्या दवाखान्याचा अटेंडंट? तो गडबडेल. मग आपण फोटो काढायचा, त्याच हाताचा, आत्ताचा, आणि म्हणायचं की हा माणूस माझ्याकडे कामाला होता, ही वही माझी, ही रीत माझी, आणि हा गृहस्थ चोर आहे. शेवटच्या शब्दाशी ती रोज अडखळायची. चोर म्हणावं की नुसतं सगळ्यांच्या लक्षात येऊ द्यावं? कधी तिला तो घामाघूम झालेला दिसे, कधी माइक हातातून पडलेला, कधी सगळं सभागृह उठून निघून गेलेलं आणि तो एकटाच दिव्याखाली. एका पोट सुटलेल्या बोक्याची नसबंदी करताना तिला तो इतका स्पष्ट दिसला की तिने टाका उसवून पुन्हा घातला. सूड हे काम माणसाला तरुण करतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गुडघे दुखायचे थांबले. शेजारच्या शुभदाताई म्हणाल्या, चेहऱ्यावर काय तेज आलंय गं, कुठलं क्रीम लावतेस?

फक्त हाताचा फोटो हवा होता. तो हात मारोतीचा होता. मारोती सूर्यतळ, हिंगोलीकडचा, रबाळ्याच्या एका कारखान्यात प्रेस मशिनीवर बोटाचं पेर गमावून बसला, आणि मग यांच्या दवाखान्यात लागला. मांजर धरावं तर मारोतीनेच. डॉक्टरांना ओरबाडणारी मांजरं त्याच्या हातात गप्प पडायची. एक्स-रेच्या वेळी तोच आत धरून उभा राहायचा, आणि नंदकिशोर, वैजयंती दोघंही दाराबाहेर. किरणं अडवणारे शिशाचे जाड मोजे होते एक जोडी, पण त्या मोज्यांत मांजर निसटतं, एक्स-रे हलतो, दोनदा काढावा लागतो, म्हणून वैजयंतीनेच एकदा सांगितलं होतं, राहू दे ते मोजे, पटकन धर आणि सोड. मोजे खिळ्याला टांगले गेले ते टांगलेलेच राहिले. तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं. हे तिने स्वतःला पूर्वीही सांगितलेलं होतं. व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे देऊन ती परस्पर रबाळ्याला गेली. बोटं मशीनवर एका दमात उठली होती, तिथली मुलगी म्हणाली होती, परफेक्ट. स्टेशनच्या पलीकडे, वर्कशॉपांच्या मागच्या चाळीत मारोतीची खोली विचारत विचारत सापडली. दारात त्याची बायको दुर्गाबाई लसूण सोलत बसली होती. तिने वैजयंतीला ओळखलं, आत नेलं, खुर्चीवरचे कपडे उचलले. मारोती खाटेवरून धडपडत उठला. केवढा वाळला होता. उजवा हात त्याने टॉवेलात गुंडाळून मांडीखाली घेतला होता.

कॉन्फरन्ससाठी जुन्या स्टाफचे फोटो गोळा करतेय, असं ती म्हणाली. हाताचा फोटो हवा होता, ते आखूड बोट दिसेल असा. मारोती म्हणाला, "हाताचा नगं म्याडम, तोंडाचा घ्या." दुर्गाबाईने मात्र त्याचा हात सरळ ओढून टॉवेल सोडला, जणू कुणीतरी बघावं म्हणून ती केव्हाची वाट बघत होती. वैजयंतीने आधी बोट बघितलं. मधलं, एका पेराने आखूड, टोकाला जरासं डावीकडे वळलेलं. हुबेहूब. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला. मग तिने बाकीचा हात बघितला. कातडी कागदासारखी सुकलेली, चकाकणारी, मधेच काळे डाग, मधेच पांढरे. नखं उभी फाटलेली. अंगठ्याच्या मुळाशी एक जखम, कडा जाड झालेली, न भरणारी. मोबाइल रोखलेला तसाच राहिला. तिला नाव विचारायची, तपासायची, रिपोर्ट बघायची गरज नव्हती. पुस्तकात असला हात, एक्स-रेच्या किरणांनी जळलेला, तिने तिसऱ्या वर्षीच बघितला होता. दुर्गाबाई बोलत होती. दवाखान्यात दाखवलं, मलम देतेत. कशानं झालं ते कुनी सांगत नाय. रेशनच्या मशिनीवर यांचं बोट उठत नाय, म्हनून मला जावं लागतंय दर महिन्याला. मारोती दवाखाना सोडून गेला त्या वर्षी त्याने हाताला खाज येते म्हणून सांगितलं होतं, आणि वैजयंतीने फळीवरची एक ट्यूब काढून दिली होती. कुत्र्यांच्या खरजेची. हे तिला तिथे, त्या खुर्चीत, पहिल्यांदा आठवलं.

तिने तीन फोटो काढले. चहा आला, तो मारोतीने स्वतः डाव्या हाताने पुढे केला. निघताना तिने सहज, अगदी सहज म्हणून विचारलं, ती पडलेली मांजरं आठवतात का रे, खोक्यात ठेवायचो ती? मारोती नुसता हसला. दुर्गाबाई लगेच म्हणाली, "ते यांनीच तर काढलं व्हतं पयल्यांदा. गावाकडं कोंबडी आपटली की डालग्याखाली झाकून ठिवतेत ना अंधारात, तसं. तुमी लई रागे भरला व्हता यांच्यावर, मांजर कुटं लपवलं म्हनून."

"जाऊ दे गं," मारोती म्हणाला. "म्याडमनीच केलं समदं. आपुन काय, नुसतं धरायचं."

"हो, मारोतीची मदत खूप झाली," वैजयंती म्हणाली, आणि चप्पल घातली. एका चांगल्या कातडीच्या डॉक्टरांचा नंबर पाठवते म्हणाली. रिक्षात बसल्यावर तिने फोटो मोठे करून पाहिले, फक्त बोट, फक्त आखूड पेर, बाकीचं बोटाने बाजूला सारत. घरी गेल्यावर थर्मलचे कपडे आलेले होते, ते घालून बघण्यात संध्याकाळ गेली. नंबर पाठवायचा राहिला. दुसऱ्या दिवशी राहिला, आणि मग निघायची गडबड सुरू झाली.

जहाज म्हणजे चौदा मजल्यांची सोसायटीच होती, लिफ्टसकट, फक्त खाली पाणी. तिला उलटी झाली नाही. डोंगरांच्या मधे आत आत शिरलेल्या पाण्यातून जहाज संथ चाललेलं असायचं, दोन्ही बाजूंनी कडे, कड्यांवरून बारीक धबधबे, आणि मित्रांसारखे एकमेकांना चिकटून उभे राहिलेले देशोदेशीचे डॉक्टर फोटो काढत असायचे. वैजयंतीने एकदा बघितलं आणि तिच्या मनात आलं, शेवटी खाडीच की ही. वाशीच्या पुलावरून रोज बघतो ती. मग पुन्हा बघितलं नाही. सकाळच्या व्याख्यानांना ती पहिल्या रांगेत बसे, वहीत टिपणं घेई, घोड्यांचे दात, गाईंचे खूर, काहीही. तिला फक्त पाचव्या दिवसाची सकाळ हवी होती. दुसऱ्याच दिवशी नाश्त्याला, उकडलेल्या अंड्यांसमोर, नंदकिशोर समोर आला. हातातला चिमटा ठेवून त्याने मिठीच मारली. चार गोऱ्यांना बोलावून ओळख करून दिली, ही माझी जुनी सहकारी, हिची खूप मदत झाली मला. ती हसली. अशी हसली की स्वतःलाच भीती वाटावी. मग मराठीत, आवाज उतरवून, त्याने विचारलं, "मारोती कसा आहे गं? आहे ना?"

तिच्या पर्समध्ये, मोबाइलमध्ये, तो हात होता. हुकमाचा एक्का कुणी असा नाश्त्याच्या टेबलावर टाकत नाही. "कोण जाणे," ती म्हणाली. "वर्षं झाली. काही कळलं नाही." तो म्हणाला, अरेरे, चांगला माणूस होता, आणि अंडं घेऊन गेला. तिथेच उभी राहून तिने स्वतःशी ठरवलं की आता प्रश्न हळू विचारायचा, आणखी हळू.

पाचव्या दिवशी सभागृहाच्या डाव्या भिंतीला काचच काच होती आणि काचेबाहेर बर्फाचा एक डोंगर सबंध तासभर हलला नाही, का जहाजच थांबलं होतं कोण जाणे. अध्यक्षस्थानी स्कॉटलंडच्या एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, आयुष्यभर घोड्यांचे एक्स-रे काढलेल्या, असं त्यांची ओळख करून देणारा म्हणाला. नंदकिशोर छान बोलतो, पहिल्यापासून. इमारती, कबुतरं, एसीचे डबे, लोक हसत होते. पहिली स्लाइड, दुसरी, तिसरी, आणि तिसरीवर तिच्याच अक्षरातल्या तिच्याच वहीचं पान, तेरावा मजला, मातीवर, हो. तिने पर्सची चेन उघडली. चौथी स्लाइड आली. मोडलेलं हाड, धरणारी बोटं, मधलं आखूड. आणि नंदकिशोर थांबला. त्याने माइक थोडा जवळ घेतला आणि म्हणाला, या हाताबद्दल मला सांगायचं आहे. लोक समजतात ही पद्धत माझी. माझी नाही. आमच्याकडे एक अटेंडंट होता, शाळेचं तोंड न पाहिलेला, खेड्यातून आलेला. त्याच्या गावात जखमी कोंबडीला टोपलीखाली झाकून ठेवतात. एक दिवस त्याने मांजर तसं ठेवलं. मला शिकवणारे मोठे मोठे प्रोफेसर झाले, पण हे मला त्याने शिकवलं. आता तो या जगात नाही, असं मला कळलंय. हा तास मी त्या हाताला वाहतो. टाळ्या झाल्या. पहिल्या दोन रांगा उठून उभ्या राहिल्या. शेजारची डच बाई डोळे पुसत होती.

वैजयंती बसूनच होती. तिला आधी एवढंच कळलं की ती लुटली गेली आहे, दुसऱ्यांदा, आणि या वेळी काही शिल्लक न ठेवता. हलकटाने तिला जहाजावर बघितलं आणि भाषण बदललं. जो मागायला येणार नाही अशाच माणसाला श्रेय देऊन टाकलं, आणि टाळ्या मात्र स्वतः घेतल्या. आता उठून काय म्हणायचं? ती पद्धत माझी? त्या मेलेल्या गरीब माणसाची नाही, माझी? हे सभागृह तिला खाऊन टाकेल. आणि तिला ते दिसलं, इतकी वर्षं न बघितलेलं. औषधांच्या खोलीचं दार, आत अंधार, सलाईनच्या बाटल्यांचा रिकामा खोका, त्यावर टॉवेल, आणि समोर मारोती, खाली मान घालून तिचं ओरडणं ऐकणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी मांजराने दूध मागितलं होतं. तिने वहीत लिहिलं होतं, रुग्ण अंधारात, चोवीस तास. कुणी ठेवला, ते लिहिलं नव्हतं. तो रकानाच नव्हता वहीत. तिने तो कधी आखला नव्हता, तेव्हाही नाही, आरशासमोरच्या दोन महिन्यांतही नाही. तिच्याकडून जे चोरलं गेलं होतं ते तिचं नव्हतंच, आणि ज्याचं होतं तो रबाळ्यात खाटेवर बसून नंबर येईल म्हणून वाट बघत होता. एवढं कळूनही राग कमी झाला नाही. उलट आता त्याला धरायला काहीच उरलं नाही म्हणून तो आणखी मोठा झाला. समोर नंदकिशोर पाणी पीत होता, ओल्या डोळ्यांनी, फार समाधानाने. त्याच्यापाशी या क्षणी फक्त एकच गोष्ट खोटी होती, आणि तिला जागा तिनेच, 'कोण जाणे' म्हणून, अंड्यांसमोर करून दिली होती.

तिने हात वर केला. अध्यक्षबाईंनी मान हलवली. कुणीतरी माइक आणून दिला. आरशासमोर पाठ केलेलं सगळं इंग्रजी कुठे गेलं कोण जाणे, जे आलं ते साधं, तुटक आलं. "तो मेलेला नाही," ती म्हणाली. "त्याचं नाव मारोती सूर्यतळ. गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी चहा प्यायले." सभागृहात आनंदाची एक कुजबुज उठली, कुणीतरी पुन्हा टाळ्या सुरू केल्या. नंदकिशोरने ग्लास खाली ठेवला. त्याचं हसू अजून जागेवर होतं. "त्याचा फोटो आहे माझ्याकडे," ती म्हणाली, आणि चार पायऱ्या चढून तिने मोबाइल अध्यक्षबाईंच्या हातात दिला.

बाई आधी हसऱ्या चेहऱ्याने बघत होत्या. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल जवळ आणला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. वैजयंतीने जे बाजूला सारलं होतं तेच त्या मधोमध आणत होत्या. अंगठ्याचं मूळ, नखं, ती चकाकणारी कातडी. टाळ्या आपोआप थांबल्या. बाईंनी मान वळवून भिंतीवरच्या स्लाइडकडे बघितलं, त्या उघड्या बोटांकडे, आणि परत मोबाइलकडे. सभागृहात सगळे डॉक्टरच बसले होते, कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मागून कुणीतरी एकच शब्द उच्चारला, हलक्या आवाजात, मोजे. नंदकिशोर वैजयंतीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आता घाम होता, खराखुरा, तिने आरशात पाहिला होता तसाच, आणि डोळ्यांनी तो म्हणत होता, नको. अकरा वर्षं टेबलाच्या पलीकडून तिने ते डोळे वाचले होते. त्यांतलं नको तिला बरोबर कळलं, आणि गोड लागलं.

किती वर्षं, बाईंनी विचारलं. अकरा, वैजयंती म्हणाली. मोजे नव्हते? होते. मग? तिने पर्सची चेन ओढून लावली. त्याच्यावर उपचार चालू आहेत का, बाईंनी विचारलं, आणि तिला सांगावं लागलं की नाहीत, एका डॉक्टरांचा नंबर पाठवायचा होता, तो राहिला. हे बोलताना तिचा आवाज स्वतःलाच अनोळखी वाटला. बाईंनी मोबाइल तिला परत दिला नाही. तो समोर उताणा ठेवला, आपली वही पुढे ओढली आणि पेनचं टोपण काढून थंडपणे विचारलं, हा दवाखाना कुणाचा होता?

नंदकिशोर काचेबाहेरच्या डोंगराकडे बघत होता. तो काही बोलणार नव्हता, हे तिला माहीत होतं. तीही बोलली नसती तर चाललं असतं, पत्रकावर एकच नाव छापलेलं होतं.

"आमच्या दोघांचा," वैजयंती म्हणाली.

बाईंनी नावं विचारली. तिने आधी त्याचं सांगितलं, मग स्वतःचं, पाटीवर होतं तसं. आपल्या केळुसकर आडनावाचं स्पेलिंग तिने एकेक अक्षर सुटं करून, बाईंचं लिहून होईपर्यंत थांबत थांबत सांगितलं, म्हणजे चूक व्हायला नको.